चीन म्यूटवर आहे

आमची टीम पुण्यात, आणि तिच्या जोडीची एक छोटी टीम शेन्झेनमध्ये. दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला कॉल. तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. तिकडचा सीनियर इंजिनिअर कॉलवर कधीच बोलायचा नाही. कॅमेरा बंद, माइक म्यूट. ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं की चॅटमध्ये एक अंगठा यायचा, बस्स.

याचं स्पष्टीकरण आमच्याकडे तयार होतं. परदेशी सहकाऱ्यांशी कसं वागावं याचं ट्रेनिंग आम्हाला झालं होतं. त्यातल्या एका स्लाइडवर लिहिलं होतं की चिनी संस्कृती कन्फ्यूशियसच्या विचारांवर उभी आहे, त्यामुळे तिथली माणसं वरिष्ठांना विरोध करत नाहीत आणि चारचौघांत मतभेद दाखवत नाहीत. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग एका रिलीजच्या रात्री आमची सिस्टीम पडली. एकच पेमेंट दोनदा नोंदलं जात होतं. पहाटे चारपर्यंत जागून कारण सापडलं आणि सकाळी ते डिझाइन डॉक्युमेंटमध्ये लिहायला गेलो, तेव्हा उजव्या बाजूला अकरा कॉमेंट दिसल्या. सगळ्या त्याच्या. तिसऱ्या कॉमेंटमध्ये नेमकी हीच चूक लिहिलेली होती, तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेची. ‘तो विरोध करत नाही’ हे ठरलेलंच असल्यामुळे आमच्यापैकी कुणी कॉमेंट उघडल्याच नव्हत्या.

नंतर मी त्याला सरळ विचारलं, तू कॉलवर बोलत का नाहीस? तो म्हणाला, नऊ वाजता मुलगी झोपते आणि घराला खोली एकच आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका तत्त्वज्ञाला आम्ही कामाला जुंपलं होतं आणि उत्तर होतं एका खोलीचं घर. त्या दिवसापासून मी एक प्रश्न घेऊन वाचत सुटलो: दुसऱ्याच्या संस्कृतीबद्दलची आपली मतं नेमकी बनतात कशी आणि बदलतात कशामुळे? याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण मला सापडलं ते युरोपचं. चारशे वर्षांत युरोपनं चिनी विचारांना डोक्यावर घेतलं, पायाखाली तुडवलं, पुन्हा डोक्यावर घेतलं. या सगळ्या काळात कन्फ्यूशियसचं पुस्तक मात्र तेच होतं.

गोव्याहून निघालेला माणूस

गोष्टीची एक सुरुवात आपल्या शेजारीच होते. १५७८ मध्ये मात्तेओ रिची नावाचा २५ वर्षांचा इटालियन जेझुइट गोव्याला उतरला. पुढच्याच वर्षी आणखी एक जेझुइट तिथे आला, मूळचा इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स. स्टीफन्स गोव्यातच राहिला, मराठी शिकला आणि त्यानं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. रिची १५८२ मध्ये मकावला गेला आणि चिनी शिकला. दोघांची युक्ती एकच होती: आपला धर्म सांगायचा, पण समोरच्याच्या भाषेत आणि समोरच्याच्या साच्यात.

रिचीनं आधी बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की चीनमध्ये खरा मान विद्वान अधिकाऱ्यांना आहे, तेव्हा त्यानं त्यांचा झगा चढवला. त्यानं कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ केले, शू ग्वांगची या चिनी विद्वानाबरोबर युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं चिनीत आणली. १६०१ मध्ये तो बीजिंगला पोहोचला आणि १६१० मध्ये तिथेच वारला.

चिनी लोक पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावतात, कन्फ्यूशियसपुढे वाकतात. ही पूजा आहे की आदर? पूजा असेल तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला ती सोडावी लागेल. रिचीचं मत पडलं की हा आदर आहे, चालू द्या. त्याच्या नंतर आलेल्या इतर पंथांच्या मिशनऱ्यांना हे मान्य नव्हतं. भांडण रोमपर्यंत गेलं आणि शंभर वर्षं चाललं.

आपल्याला ही अडचण पटकन कळते. पितृपक्षात गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवणाऱ्या आजीला विचारा, ‘हा धर्म आहे की फक्त आठवण?’ ती म्हणेल, तुला जेवायचंय का नाही. तिच्या डोक्यात ते दोन खण नाहीतच. धर्म एका खणात आणि रीतभात दुसऱ्या खणात, ही मांडणी युरोपची होती. प्रश्नच युरोपचा होता आणि त्याला उत्तर चीननं द्यायचं होतं.

चीननं उत्तर दिलंही. १७०० मध्ये बीजिंगच्या जेझुइटांनी थेट कांग्शी सम्राटालाच विचारलं. त्यानं लेखी मान्य केलं की कन्फ्यूशियसला नमस्कार तो गुरू म्हणून, आणि पूर्वजांचे विधी त्यांच्या आठवणीसाठी. हे उत्तर रोमला पाठवलं गेलं. १७०४ मध्ये पोपनं निकाल दिला: विधी बंद.

पोपच्या बाजूचा एक बिशप, मेग्रो, १७०६ मध्ये सम्राटासमोर उभा राहिला. चिनी विधींचा अर्थ काय, हे तो ठासून सांगत होता. सम्राटानं सिंहासनावर लिहिलेली चार चिनी अक्षरं त्याला वाचायला सांगितली. त्याला एकच ओळखता आलं.

पुढे रोमचा १७१५ चा सविस्तर हुकूम कांग्शीच्या वाचनात आला, तेव्हा तो वैतागला. ज्यांना आमची पुस्तकं वाचता येत नाहीत त्यांनी आमच्याबद्दल बोलावं कशाला, असा त्याच्या शेऱ्याचा आशय होता. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत धर्मप्रचारावर बंदी आली. रोमनं हे विधी चालतील असं म्हटलं ते १९३९ मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर ती कॉमेंट रिझॉल्व्ह व्हायला २३९ वर्षं लागली.

कौतुकाचे दिवस

या भांडणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. आपली बाजू मांडण्यासाठी जेझुइटांनी चिनी ग्रंथांची भाषांतरं युरोपात छापायला सुरुवात केली. १६८७ मध्ये पॅरिसला ‘चीनचा तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस’ अशा अर्थाच्या नावाचं जाडजूड लॅटिन पुस्तक निघालं. मुळात ‘कन्फ्यूशियस’ हे नावच जेझुइटांचं. त्यांनी ‘कोंग फूत्झु’ला लॅटिन शेपूट लावलं आणि जग आजही त्याला त्याच नावानं ओळखतं.

युरोपात तेव्हा धर्मावरून झालेल्या युद्धांच्या जखमा ताज्या होत्या. आणि इथे एक अवाढव्य देश सापडला होता. तिथे परीक्षा देऊन अधिकारी होतात, तिथला सगळ्यात मोठा ऋषी चमत्कारांबद्दल न बोलता माणसानं माणसाशी कसं वागावं याबद्दल बोलतो, आणि हे सगळं बायबलशिवाय चाललंय. विचार करणाऱ्या तरुण युरोपियनाला झिंग आणणारी ही बातमी होती.

लायब्निझला ती आली. हा माणूस माझ्या धंद्याचा खापरपणजोबा. शून्य आणि एक या दोनच अंकांत सगळं गणित मांडण्याची पद्धत त्यानं १६७९ च्या सुमारास लिहून ठेवली होती. १७०३ मध्ये बीजिंगहून बूवे नावाच्या जेझुइटानं पाठवलेला एक तक्ता त्याच्या हाती पडला. ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथातल्या ६४ आकृत्या, प्रत्येकीत सहा रेघा, काही अखंड, काही मधोमध तुटलेल्या. तुटक रेघ म्हणजे शून्य, अखंड म्हणजे एक असं धरलं, की त्या तक्त्यात शून्य ते त्रेसष्ट ओळीनं हजर! लायब्निझ हरखून गेला. त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात त्यानं हा शोध जगाला सांगितला.

ही गोष्ट फॉरवर्ड होऊन तुमच्यापर्यंतही आली असेल: ‘कॉम्प्युटरचा शोध चीननं लावला.’ तिच्याच शेजारी आपला पिंगळही असतो. छंदशास्त्रासाठी लघु-गुरूंच्या सगळ्या जुळण्या मोजणाऱ्या पिंगळाला आपण थेट प्रोग्रॅमर करून टाकतो.

लायब्निझकडे आलेला तक्ता अकराव्या शतकातल्या शाव योंग या विचारवंताच्या मांडणीचा होता. त्यातला क्रम खरोखर तसाच आहे. पण चिनी वाचकाला त्या रेघांत अंकगणित दिसत नव्हतं. त्याला दिसत होता बदल, परिस्थिती कशी पालटते याचा विचार. लायब्निझनं काय म्हटलं पाहा: चिनी लोक या आकृत्यांचा खरा अर्थ हजारएक वर्षांपूर्वीच विसरले असावेत, तो आता युरोपनं शोधून दिला. एक म्हणजे देव, शून्य म्हणजे काही नसणं, आणि त्यातून सगळी सृष्टी, हे दाखवून सम्राटाला ख्रिस्ती धर्माकडे वळवता येईल अशी आशाही त्याला होती.

मला लायब्निझ आवडतो. चीनमधून युरोपात शिक्षक बोलवावेत, त्यांनी आम्हाला वागायचं कसं ते शिकवावं, असं १६९७ मध्ये छापून म्हणण्याइतका तो मोकळा होता. पण त्या तक्त्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसला आणि त्यानं तो प्रेमानं चीनला भेट दिला. मन भरून केलेलं कौतुकसुद्धा समोरच्याला म्यूट करू शकतं, हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

कौतुकाची किंमतही मोजावी लागायची. १७२१ मध्ये हाले विद्यापीठात क्रिस्तियान वोल्फ यानं चिनी नीतिविचारांवर भाषण केलं. मुद्दा साधा होता. ईश्वरी ग्रंथाचा आधार न घेताही माणूस बुद्धीच्या जोरावर नीतीपर्यंत पोहोचू शकतो, आणि कन्फ्यूशियस हा त्याचा पुरावा. विद्यापीठातले धर्मपंडित खवळले. दोन वर्षांनी प्रशियाच्या राजाचा हुकूम आला: ४८ तासांत राज्य सोड, नाहीतर फाशी. वोल्फ गेला, आणि गाजला. १७४० मध्ये नव्या राजानं त्याला मानानं परत बोलावलं.

एकच पुस्तक, दोन चीन

१७३५ मध्ये पॅरिसला द्यु आल्द नावाच्या जेझुइटानं चीनचं चार खंडी वर्णन छापलं. मिशनऱ्यांची पत्रं आणि टिपणं जुळवून केलेलं. द्यु आल्द स्वतः चीनला कधी गेला नव्हता. पुढची कित्येक वर्षं चीनबद्दल बोलणारे बहुतेक सगळे या एकाच डेटासेटवर चालत होते.

व्होल्तेअरनं यातून काय काढलं? चर्चला हरवायला लागणारा दारूगोळा. १७५६ चा त्याचा जगाचा इतिहास चीनपासून सुरू होतो. तिथे शहाणा राजा आहे, विद्वानांचा कारभार आहे, पाद्र्यांचा जाच नाही. माँतेस्क्यूला फ्रान्सच्या राजाची वाढती सत्ता खुपत होती. त्यानं १७४८ मध्ये त्याच पुस्तकाच्या आधारे काठीच्या धाकावर चालणारी हुकूमशाही दाखवली. एकानं आदर्श दाखवला, दुसऱ्यानं इशारा दिला. दोघांचा खरा पत्ता पॅरिस.

आणि पॅरिसमध्ये एक खरा चिनी माणूस राहून गेला होता! आर्केडियो ह्वांग. फूच्यान प्रांतातला, मिशनऱ्यांबरोबर युरोपात आलेला. राजाच्या ग्रंथालयातल्या चिनी पुस्तकांची यादी तो करायचा, चिनीचं व्याकरण लिहीत होता, शब्दकोश रचत होता. १७१३ मध्ये तरुण माँतेस्क्यू त्याला भेटला, त्याच्याशी बोलला, नोंदी ठेवल्या. १७१६ मध्ये, चाळिशीही न गाठता, ह्वांग वारला. त्याच्या कागदांवर पुढे फ्रेंच विद्वानांनी काम केलं. त्याचं नाव मागे पडलं. चीनवर एवढी जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्या त्या शतकात चिनी माणसानं स्वतः लिहिलेलं युरोपनं किती वाचलं, असं विचारलं तर उत्तर फार लहान येतं.

वारं फिरलं

मग सत्तर-ऐंशी वर्षांत सगळं उलटं झालं. आधी ज्याला ‘स्थैर्य’ म्हणत होते त्याला ‘साचलेपण’ म्हणू लागले. हर्डरला चीन रेशमात गुंडाळून ठेवलेल्या ममीसारखा वाटला. १८२० च्या दशकात हेगेल विद्यार्थ्यांना सांगत होता की चीन इतिहासाच्या उंबरठ्याबाहेरच थांबला आहे. कन्फ्यूशियसबद्दल तर तो म्हणाला की याचं भाषांतर झालं नसतं तर याचं नाव टिकलं असतं.

काय बदललं होतं? थोडा चीन बदलला होता, हे मान्य करायला हवं. अठराव्या शतकात तिथली लोकसंख्या प्रचंड वाढली, कारभारावर ताण आला, शतकाच्या शेवटी बंडं झाली. पण त्याहून जास्त बदलली ती चीन पाहण्याची खिडकी. १७७३ मध्ये पोपनं जेझुइट पंथच बरखास्त केला. दरबारात राहून ग्रंथ वाचणाऱ्यांची पत्रं आटली. आता बातम्या आणत होते ते व्यापारी. त्यांना १७५७ पासून एकट्या कँटन बंदराच्या वेशीवर थोपवलेलं होतं. त्यांचा संबंध यायचा जकातवाल्यांशी आणि दलालांशी. एखाद्यानं भारताची पारख फक्त आरटीओच्या खिडकीवर उभं राहून केली, तर जे होईल ते झालं.

दुसरा बदल हिशेबाचा. इंग्लंड चहाला चटावलं होतं आणि चहाची किंमत चांदीत मोजावी लागायची. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी घड्याळं, दुर्बिणी, बग्ग्या घेऊन च्यानलोंग सम्राटाकडे गेला. सम्राटानं उत्तर पाठवलं की आम्हाला तुमच्या मालाची गरज नाही. मॅकार्टनीनं आपल्या रोजनिशीत चीनला जुन्या, डळमळत्या युद्धनौकेची उपमा दिली. गिऱ्हाइकानं माल नाकारला की गिऱ्हाइकाचीच अक्कल काढायची, हे सेल्समध्ये आजही चालतं.

चांदीऐवजी चीनला विकता येईल असा माल अखेर मिळाला. तो आपल्याकडे पिकत होता. बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. तिचा लिलाव कलकत्त्याला व्हायचा. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची. मुंबईतल्या ज्या इमारतींना आपण सहज ‘जे. जे.’ म्हणतो, त्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबर या अफूचाही वाटा होता. या गोष्टीत आपण नुसते प्रेक्षक नाही.

१८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्यानं कँटनजवळ वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली आणि राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्या देशातल्या लोकांनी तुमच्याकडे अफू आणून तुमच्या माणसांना नादी लावलं असतं, तर तुम्हाला चालेल का? मग जे तुम्हाला नको, ते आमच्या माथी का?

पुन्हा वाचा. ‘जे स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये’ हेच तर कन्फ्यूशियसचं सूत्र. याच सूत्रासाठी व्होल्तेअरच्या पिढीनं त्याला डोक्यावर घेतलं होतं. दीडशे वर्षं युरोप ज्याची वाहवा करत होता तो विचार आता एक जिवंत चिनी माणूस, आपल्या देशाच्या वतीनं, थेट युरोपला लागू करून दाखवत होता. ते पत्र राणीपर्यंत पोहोचल्याची नोंद नाही. युद्धनौका मात्र चीनला पोहोचल्या.

लिनही सगळं नीट ओळखून होता असं नाही. चहा आणि रेवंदचिनी मिळाली नाही तर परदेशी लोक जगणारच नाहीत, अशी त्याची समजूत होती. चुकीच्या स्लाइड दोन्हीकडे होत्या. फरक एवढाच की एका बाजूच्या चुकीमागे तोफा होत्या.

वीस वर्षांनी, १८५९ मध्ये, जॉन स्टुअर्ट मिलचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक आलं. मी ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी वाचलं होतं आणि भारावलो होतो. यंदा पुन्हा उघडलं. मिल म्हणतो, युरोपनं सावध राहावं, नाहीतर रूढीखाली दबून त्याचाही चीन होईल. आणि पुढे, सरकारनं कोणत्या विक्रीवर बंदी घालू नये याची उदाहरणं देताना तो चीनमधल्या अफूच्या आयातबंदीचंही नाव घेतो. का, तर त्यानं विकत घेणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते. मिलनं आदल्या वर्षापर्यंत पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली होती. तो खोटारडा होता असं मला वाटत नाही. तो प्रामाणिक होता आणि हुशार होता, म्हणूनच ते पान वाचताना मला थंडी वाजली. तर्क बिनचूक होता. फक्त ज्याच्या स्वातंत्र्याबद्दल तो बोलत होता त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

याच दशकात ब्रिटननं भारतातल्या सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा सुरू केली. परीक्षेनं अधिकारी निवडणाऱ्या चीनचा दाखला तेव्हाच्या वादात वारंवार येत होता. ज्याला मेलेला म्हणायचं त्याच्याच घरातून कल्पना उचलायच्या, असा हा प्रकार. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आज रात्री अकरा वाजता दिवा लावून बसलेल्या मुलामुलींच्या कुळात तो चिनी परीक्षार्थीही कुठेतरी आहे. उलट दिशेचं देणंही आहे. चिनी अधिकाऱ्यांसाठी युरोपनं वापरलेला ‘मँडरिन’ हा शब्द मलाय आणि पोर्तुगीज भाषांतून गेला, आणि त्याचं मूळ आहे आपला ‘मंत्री’.

तीच गाणी पुन्हा

विसाव्या शतकात नवं काही घडलं नाही, वेग वाढला. मॅक्स वेबरनं मांडलं की चीनमध्ये आधुनिक भांडवलशाही उगवली नाही, आणि त्याच्या कारणांत कन्फ्यूशियन वृत्ती मोठी. १९८० च्या दशकात पूर्व आशियातल्या अर्थव्यवस्था धावू लागल्या, तेव्हा त्याच कन्फ्यूशियन वृत्तीला यशाचं श्रेय मिळालं. नापास होण्याचं आणि पास होण्याचं कारण एकच! मधल्या काळात पॅरिसच्या तरुणांनी माओला व्होल्तेअरचा शहाणा सम्राट करून टाकलं. चिनी वाचू शकणारा सिमोन लेस १९७१ मध्ये सांस्कृतिक क्रांतीचं खरं चित्र मांडू लागला, तेव्हा त्याला शिव्या बसल्या.

आपल्या फोनमध्ये हेच चालू असतं. सकाळी काकांचा व्हिडिओ: तिकडे बघा, दहा दिवसांत हॉस्पिटल उभं. दुपारी त्याच काकांचा मेसेज: चायना माल, टिकला तर टिकला. पहिला मेसेज आपल्या खड्ड्यांबद्दल आहे, दुसरा आपल्या अभिमानाबद्दल. चीनबद्दल दोन्ही नाहीत.

मग करायचं काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुसऱ्याकडे बघूनच माणूस स्वतःबद्दल विचार करायला लागतो. वोल्फनं चीनचा उपयोग करून घेतला, आणि धर्मग्रंथाशिवाय नीती असू शकते हा मुद्दा युरोपात उभा राहिला. हे वाईट झालं का? नाही. मग ‘उपयोग करणं’ हेच पाप कसं म्हणायचं?

मी बरेच दिवस यात अडकलो होतो. आता मला वाटतं, आरसा म्हणून बघण्यात पाप नाही. पण आरसा बोलत नाही आणि माणूस बोलतो. त्यामुळे एवढंच विचारायचं: मी याच्याबद्दल जे म्हणतोय त्याला उत्तर द्यायची सोय त्याच्याकडे आहे का, आणि उत्तर आलं तर माझं मत बदलू शकतं का? या कसोटीवर लायब्निझचं कौतुक आणि हेगेलचा तिरस्कार एकाच बाकावर येऊन बसतात.

पास होणारी माणसंही सापडतात. जेम्स लेग, स्कॉटिश मिशनरी, हाँगकाँगला राहिला आणि वांग ताओसारख्या चिनी विद्वानांबरोबर बसून अभिजात ग्रंथांची भाषांतरं करत राहिला. १८६१ मध्ये पहिला खंड आला तेव्हा त्यात त्यानं लिहिलं की कन्फ्यूशियसला मी थोर मानू शकत नाही. १८९३ मध्ये त्याच पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली. त्यात त्यानं ते मत बदललं: जितका अभ्यास केला तितका हा माणूस मला मोठा वाटत गेला. मधल्या काळात तो बीजिंगच्या स्वर्गमंदिरात गेला होता आणि पायातले बूट काढून उभा राहिला होता. त्याच्याच मिशनरी बांधवांना ते रुचलं नाही. लेग शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिला. त्यानं आपलं काही सोडलं नाही, पण तीस वर्षं समोरच्याच्या ओळी वाचल्या आणि त्या ओळींना आपल्यावर काम करू दिलं.

माझ्याकडे तीस वर्षं नाहीत, दोन आठवड्यांचा स्प्रिंट आहे. आणि ‘सगळी माणसं सारखीच, संस्कृती वगैरे काही नसतं’ असं म्हणून सुटायचीही सोय नाही. फरक असतात, खोल असतात. पण ते स्लाइडवरून कळत नाहीत, माणसाला विचारून कळतात. मला त्याला विचारायला दोन मिनिटं लागली होती. ती दोन मिनिटं मी दीड वर्ष काढली नव्हती.

आम्ही कॉल चार वाजता ठेवला. तिकडे साडेसहा. आता तो बोलतो, चांगलंच बोलतो, आणि आमच्या डिझाइनची सालं काढतो. गेल्या महिन्यात कॉल संपल्यावर दोघंच उरलो होतो. मी त्याला त्या ट्रेनिंगच्या स्लाइडबद्दल सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. तो हसला. म्हणाला, आमच्याकडेही एक ट्रेनिंग असतं. त्यात भारतावर स्लाइड आहे: भारतीय इंजिनिअर ‘हो’ म्हणाला तर ते नक्की समजू नये, त्यांच्या संस्कृतीत ‘नाही’ म्हणत नाहीत.

मी ताबडतोब माझा म्यूट काढला. त्या स्लाइडवर मला बरंच काही बोलायचं होतं.